माशांनी दुरुस्त केलेली चिठ्ठी

ही घटना माझ्या स्वतःच्या घरात घडली आहे. कुणाकडून ऐकलेली नाही. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. मागच्या मे महिन्यातला शुक्रवार. भर दुपारी तीनची वेळ.

मी रोहिणी. केरळात, पय्यन्नूरच्या अलीकडे आमचं गाव. गावच्या वाचनालयातली पुस्तकं पिशवीत घालून मी घरोघरी पोचवते, मंगळवारी आणि शुक्रवारी. अकरा वर्षं झाली. मला भुताखेतांचं वेड नाही. खरं सांगायचं तर पुस्तकांचंही नाही. ते वेड माझ्या मुलीला. मीनू, वय वर्षं बारा. जेवताना ताटात काय आहे ते तिला कळत नाही, पण कुठल्या ग्रहाला किती चंद्र ते विचारा!

आमच्याकडे विज्ञानकथा आणि अद्भुत कादंबऱ्यांच्या कपाटाची एक रीत आहे. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी कागदाचा खिसा चिकटवलेला असतो. वाचून झालं की त्यात चिठ्ठी टाकायची. पुढे हे कुणी वाचावं, का वाचावं, आणि खाली सही.

नियम एकच. शेवटचं पान वाचल्याशिवाय सही करायची नाही.

हा नियम अच्युतन माशांचा. आमच्याकडे शिक्षकाला माश म्हणतात, पण गावात नुसतं माश म्हटलं की तेच. विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या चिठ्ठ्या नेहमी लाल शाईत. "हे नाणूला द्या. मंगळावर जाऊन आला की बायकोशी जरा नीट बोलेल." लोक पुस्तकाआधी चिठ्ठी वाचायचे.

शेवटची दोन वर्षं माश अंथरुणावर होते. मी पायरीवरूनच हाक मारायची, "पुस्तक!"

मग आतून एक आवाज यायचा... टक्.

चष्म्याची पत्र्याची डबी बंद झाल्याचा. म्हणजे चष्मा चढवून माश तयार.

"रोहिणी, तू पुस्तकं नुसती वाहतेस. वाचत का नाहीस गं?"

"पोस्टमन पत्रं वाचतो का माश?"

"वाचत नाही. म्हणून तर तो पत्र लिहीतही नाही," माश हसून म्हणायचे.

तेव्हा ते एक चार भागांची कादंबरी वाचत होते. समुद्राखाली बुडालेल्या बंदराची. तिथल्या एका दारातून माणसं आत जातात. तीन भाग त्यांनी संपवले होते. चौथा, म्हणजे शेवटचा भाग वाचनालयात आला तेव्हा यादीत पहिलं नाव त्यांचंच होतं.

पण मीनू माझ्या मागे लागली. "अम्मा, दोनच दिवस! माशांना कळणारही नाही."

मी पुस्तक माशांच्या नावावर नोंदवलं आणि घरी आणलं.

दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. मीनूबाई शाळेच्या परीक्षेत अडकल्या, आणि पुस्तक तसंच उशाशी पडून.

"आला का चौथा?" माश दर खेपेला विचारायचे.

"अजून नाही माश."

"लवकर आण गं. माझ्याकडे वेळ थोडा आहे."

मी हसून टाळलं. त्यानंतरच्या मंगळवारी हाक मारली तेव्हा आतून टक् झालंच नाही. पहाटेच गेले होते.

मला अजूनही त्याचं वाईट वाटतं. पण खरी चूक पुढे झाली.

शोकसभेच्या आदल्या दिवशी वाचनालयाचे चिटणीस भास्करेट्टन म्हणाले, "रोहिणी, चौथा भाग माशांच्या नावावर होता ना? मग त्यात त्यांची चिठ्ठी असेल. शेवटची चिठ्ठी सभेत वाचू या."

चार माणसं बसलेली. त्यांच्यासमोर खरं कसं सांगणार?

"आहे की," मी म्हणाले.

अकरा वर्षं त्यांचं अक्षर पाहत आले होते. घरी गेले, लाल पेन घेतलं आणि लिहिलं, "चौथा भाग वाचून संपला. आता मीनूने वाचावा." खाली त्यांची सही ठोकली.

सभेत लोकांनी डोळे पुसले. मीनूला तर आकाश ठेंगणं झालं. पुस्तक रीतसर तिच्या नावावर घरी आलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती कुरकुरत आली.

"अम्मा, माझ्या पुस्तकात तू खूण ठेवतेस का?"

"मी कशाला ठेवू?"

तिची खूण म्हणजे बसचं तिकीट. ते चाळिसाव्या पानावर होतं. बाराव्या पानावर दुसरी खूण होती... वर्तमानपत्राची पट्टी. उभी, नीट दुमडलेली.

अशी पट्टी फक्त माश ठेवायचे.

जुनीच राहिली असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण हे पुस्तक त्यांच्या घरी गेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी चोविसाव्या पानावर.

मग छत्तीस.

रोज बारा पानं. शेवटी शेवटी माशांना दिवसाला तेवढीच झेपायची.

पानांच्या कोपऱ्यांवर अंगठ्याएवढे तेलकट डाग दिसू लागले. वास घेतला... माशांच्या गुडघ्यांना लावायच्या तेलाचा.

आणि रोज दुपारी तीनला, मी स्वयंपाकघरात असताना, पडवीतून आवाज यायचा...

टक्.

मी पुस्तक उचललं आणि वाचनालयाच्या लोखंडी कपाटात टाकलं. किल्ली माझ्या कमरेला. मीनू रडली, रुसली, जेवली नाही. मी ऐकलं नाही.

शुक्रवारी कपाट उघडलं. पट्टी बारा-बारा पानांनी पुढे गेलेली. एकही दिवस चुकला नव्हता.

भास्करेट्टनना सांगावंसं वाटलं. पण सांगायचं म्हणजे चिठ्ठीपासून सांगावं लागणार. कपाट पुन्हा लावलं आणि पिशवी उचलली.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी पट्टी शेवटच्या पानावर पोचली.

मागच्या खिशात माझी चिठ्ठी होती. पण माझी राहिली नव्हती. माझ्या दोन्ही ओळींवर लाल रेघ मारली होती, उत्तरपत्रिकेत चूक खोडतात तशी सरळ. खाली लिहिलं होतं...

"आता खरंच वाचून संपला. रोहिणी, दुसऱ्याच्या नावाने शिफारस करू नये. बंदराचं दार बंद झालं म्हणून गोष्ट संपत नाही. मीनूसाठी पाचवा भाग मी स्वतः घेऊन येईन. शुक्रवारी."

चिठ्ठी मी तीनदा वाचली.

कारण पाचवा भाग नाहीच. कुठेच नाही. लेखकाने चौथ्यातच दार कायमचं बंद केलंय, हे वाचनालयात सगळ्यांना माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. सगळी दारं-खिडक्या लावल्या. मीनूला मधल्या खोलीत बसवलं.

"काय झालं अम्मा? उकडतंय!"

"गप बस. आज कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही."

अडीच वाजले. पावणेतीन. पंखा बंद पडला. बाहेर ना पाखरू, ना माणूस...

मग पायरीवरून हाक आली.

"पुस्तक!"

माझी हाक. माझ्याच आवाजात.

मी तेव्हा मागच्या दाराची कडी तपासत होते. जिला ओ द्यायची नाही असं बजावलं होतं, ती माझ्याच आवाजाला कशी ओ देणार नाही? मी मधल्या खोलीत पोचेपर्यंत मीनू उठलेली, कडी काढलेली, पडवीत गेलेली.

धावत गेले. पडवीत कुणी नव्हतं. अंगणातही नाही. फक्त तेलाचा वास...

मीनू पायरीवर बसली होती. दोन्ही तळवे समोर उघडे, पुस्तक धरल्यासारखे. हातात काहीच नव्हतं. पण डोळे डावीकडून उजवीकडे सरकत होते. थोड्या वेळाने तिने अंगठा ओला केला आणि पान उलटलं.

"मीनू... काय करतेस?"

"थांब ना अम्मा! पाचवा भाग. दार परत उघडलंय."

तिला दवाखान्यात दाखवलं. देवळात नेलं. डॉक्टर म्हणाले पोर कल्पनेत रमते, शाळा सुरू झाली की ठीक होईल. शाळा कधीच सुरू झाली. अभ्यास करते, खेळते, जेवते. फक्त दुपारी तीन वाजता, शाळेत असो की घरी, तळवे उघडून बसते. दिवसाला बारा पानं. मी मोजते.

माशांच्या घरी जाऊन मी रोज त्यांची माफी मागते. त्यांच्या दारात उभी राहून चौथ्या भागाचं सगळं खरं सांगितलं. भास्करेट्टननाही सांगितलं. ते पुस्तक तर मी स्वतः पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. काही फरक पडला नाही.

काल मीनूने तळवे मिटले. पुस्तक मिटावं तसे. माझ्याकडे पाहून गोड हसली.

"संपलं अम्मा. काय सुंदर आहे! आता चिठ्ठी लिहायची. सही करायची."

"कुणासाठी?"

ती पेन शोधायला लागली.

घरातली सगळी पेनं मी विहिरीत टाकली आहेत. पेन्सिलीसुद्धा. ती अजून शोधते आहे.

आणि आत्ता, हे सांगत असताना, पडवीत कुणीतरी चष्म्याची डबी उघडली आहे.