पाचव्या दिवसाचं पाणी

तो माझ्या दुकानात शिरला तो ऊन चुकवायला. मे महिना, दुपारचे दोन, सोलापूरच्या सात रस्ता चौकात सिग्नल हिरवा झाला तरी माणसं झाडाच्या सावलीतून हलायला तयार नव्हती. माझं दोन कॉम्प्युटरचं डीटीपीचं दुकान. दार ढकलून एक उंच माणूस आत आला, काखेत कापडी पिशवी, आणि म्हणाला, "पाणी मिळेल?"

मी अर्धा ग्लास दिला.

"अर्धाच?"

"संपवा, मग अजून देते. कुणी भरला ग्लास अर्धा टाकून दिला की माझं डोकं फिरतं."

तो हसला... हसताना त्याचा डावा डोळा जरा जास्त मिटतो, हे मी तेव्हाच बघून ठेवलं. का, ते विचारू नका.

पिशवीत हस्तलिखित होतं. वर नाव – धम्मदीप. नाव मला माहीत होतं. सांगोल्यापासून अक्कलकोटपर्यंत गावोगाव मुलींसाठी अभ्यासिका बांधून देणारा तो हाच. विसाव्या वर्षी सोलापूर सोडून आफ्रिकेत दार-ए-सलामला गेला, तिथल्या हॉटेलांना इथले टॉवेल विकून मोठा झाला, आणि चाळिशी यायच्या आत धंदा विकून मोकळा झाला. आता दोनच कामं. अभ्यासिका बांधायच्या, आणि जग फिरून पुस्तकं लिहायची... तीही हातानं, मराठीत. हे पुस्तक बंदरांवरचं होतं.

"प्रूफ गुरुवारी हवं," तो म्हणाला. "आज सोमवार. चौथ्या दिवसापुढं मी कुठल्याच गावात थांबत नाही."

"शनिवारी मिळेल."

"शुक्रवारी तरी?"

"शुक्रवारी आमच्याकडं पाणी आहे. चार दिवसांआड येतं. त्या दिवशी मी दुकान उघडत नाही."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी की-बोर्डकडं पाहिलं.

"गंमत आहे," तो म्हणाला. "आठ वर्षं येतोय मी इथं, पण नळाला पाणी आलेलं कधी बघितलं नाही."

"चौथ्या दिवशी पळणाऱ्याला कसं दिसणार?"

तो गेला नाही. रोज यायचा, म्हणे दुरुस्त्या करायला. दुरुस्त्या कसल्या – एक स्वल्पविराम काढायचा, दुसऱ्या दिवशी तोच परत घालायचा. खुर्चीत पाच मिनिटं टिकत नसे. उठायचा, कॅलेंडर चाळायचा, चहा सांगायला स्वतः जायचा.

"जरा बसाल का एका जागी? माझ्या ओळी चुकतात."

"लहानपणी लई बसलोय की." तो दाराशी थांबला. "आई... चांगुणा तिचं नाव... एका वाचनालयात झाडलोट करायची. ती फरशी पुसायची आणि मला बाकावर बसवायची. वाळेपर्यंत पाय खाली टाकायचा नाही. समोर कपाटात नकाशाची पुस्तकं. तासन्‌तास तेच बघायचं."

"म्हणून आता पाय जमिनीला लागत नाहीत होय?"

तो हसला, पण डोळा मिटला नाही.

त्याच दुपारी ते वाक्य माझ्या हाताखाली आलं: 'चौथ्या रात्रीनंतर कुठल्याही गावात माझा जीव घुसमटतो.' मी ते टाइप केलं आणि थांबले. चौतीस वर्षांची मी, पुण्यापलीकडं गेले नव्हते. त्याची बंदरं टाइप करता करता मलाच कुठंतरी उठून जावंसं वाटायला लागलं होतं, आणि त्याहून जास्त, त्यानं कुठंही जाऊ नये असं. प्रूफ बुधवारीच तयार झालं. मी ते ड्रॉवरमध्ये सरकवलं आणि कुलूप लावलं.

शुक्रवारी सकाळी साहेब आमच्या घरी हजर. "पाणी बघायला आलोय."

पप्पा गिरणीतून रिटायर झालेले, गुडघे गेलेले. काठी टेकत कोपऱ्यापर्यंत गेले, पाणी सोडलं का विचारायला. मी आत चहा टाकला. चहा घेऊन अंगणात आले, तर काय! पाण्याचे दोन्ही बॅरल आडवे. धम्मदीप बाह्या सारून नारळाच्या शेंडीनं ते आतून घासत होता.

"आतलं पाणी?" मी विचारलं.

"ओतून टाकलं. शिळं होतं की. ताजं येणार ना आता?"

सोलापूरच्या शेंबड्या पोरालाही कळतं – नवं पाणी नळाला दिसल्याशिवाय जुनं सांडायचं नसतं. हा इथंच जन्मलेला माणूस, जगातली बंदरं बघून आला आणि एवढं विसरला.

तेवढ्यात पप्पा आले. "आज पानी न्हाय. पाइप फुटलाय कुटंतरी. रविवारी येतंय म्हनं." मग त्यांनी ओलं अंगण बघितलं आणि खाटेवर बसले.

मी बोलायचं ते सगळं बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी मी म्हटलं, "तुम्हाला काय, एक फोन केला की टँकर दारात येईल."

"येईल की."

"मग करा ना."

त्यानं खिशातून फोन काढला. बघितला. परत ठेवला.

"टँकर आला तर बॅरल भरतील," तो म्हणाला, "...आणि मला निघावं लागेल."

माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. मी त्याच्या हातात घागर दिली.

दोन दिवस तो पलीकडच्या गल्लीतल्या ईरम्माच्या बोअरवरून खांद्यावर घागरी आणत राहिला. गल्लीनं खिडक्यांतून बघून घेतलं. रविवारी नळ फुसफुसला, आधी गढूळ, मग स्वच्छ. आम्ही दोघांनी बॅरल भरले, हंडे भरले, तांब्यासुद्धा भरला. बोटं बोटांना लागली की दोघंही उगाच घाई करायचो. तासाभरानं नळ गेला.

त्यानं हात पुसले. "भरलं सगळं. एक वाजता मुंबईची टॅक्सी येईल. प्रूफ..."

"बुधवारीच झालंय. ड्रॉवरमध्ये लपवलंय."

तो हसला, डावा डोळा मिटून. "आणि चौथ्या रात्रीचं ते वाक्य... ते खोडा," म्हणाला हळूच. "सहा रात्री झाल्या. खोटं ठरलं ते."

खोडून काय होणार होतं? टॅक्सी तर येणारच होती. मी उंबऱ्याजवळचा भरलेला हंडा उचलला आणि त्याच्या पायांपुढं, तापलेल्या फरशीवर, सगळा उपडा केला. आयुष्यात पहिल्यांदा.

पप्पा खाटेवरून म्हणाले, "पोरी, लई नासाडी की गं."

"व्हय पप्पा." मग त्याला म्हटलं, "तुम्ही गेलेलं मला नकोय."

त्यानं पावलांभोवतीच्या पाण्याकडं पाहिलं. "एक हंडा रिकामा झाला, चैताली. भरायला पाहिजे."

"नळ गेला. आता शुक्रवारी."

तो ओल्या फरशीवर पाय टाकून पायरीवर बसला आणि फोन लावला. "टॅक्सी नको," म्हणाला. फोन ठेवून माझ्याकडं वळला. "आणि शुक्रवारी हंडा भरला, की मग?"

"तुम्ही भरा तर," मी म्हटलं. "दुसरा उपडा करणं माझ्याच हातात आहे."