टोइंग पोहोचलं : ९.३०

पोलिसांची जीप वाघबीळच्या सर्व्हिस रोडवर वळली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मेट्रोच्या कामाभोवती लावलेल्या पत्र्यांपाशी पंधरा-वीस जण मिळून एका माणसाला लाथांनी तुडवत होते.

इन्स्पेक्टर क्षिप्रा मोकाशी जीप थांबायच्या आधीच उतरली. हवालदार सुदेशने काठी आडवी धरून गर्दी मागे रेटली. खालच्या माणसाचं नाक फुटलं होतं. डावा हात कोपरापासून भलतीकडेच वळला होता.

"टोइंगवाला आहे," कोणीतरी म्हणालं. "यानेच मारलं त्यांना. हात बघा त्याचे, रक्ताने भरलेत."

पत्रे आणि एक पांढरी कार यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत कारचा मालक साकेत करंदीकर मरून पडला होता. मागून कवटी फुटून आत गेली होती. पत्र्यावर उडालेले शिंतोडे सुकून काळे पडले होते. शेजारी चाकाचा पाना होता, त्याला केस चिकटले होते.

क्षिप्राने कारभोवती फेरी मारली. बॉनेट उघडं. रेडिएटरचं झाकण काढून बॅटरीवर ठेवलेलं. खाली सांडलेल्या कूलंटचा नुसता हिरवा डाग उरला होता. तिने इंजिनवर तळवा टेकवला, बराच वेळ तसाच ठेवला आणि मग वहीत दोन ओळी लिहिल्या. मागच्या सीटवर दोन जाडजूड रजिस्टरं होती.

साकेतची बायको हेमा तीन वाजता पोलीस ठाण्यात आली. ती रडत नव्हती. आवाज मात्र चिरकत होता.

"शेवटचा फोन कधी आला?"

"नऊ दहाला. गाडी तापली, काटा लालवर गेलाय, वाफ निघतेय म्हणाला. टोइंगवाले वीस मिनिटांत येतो म्हणाले होते."

"कुठे निघाले होते?"

"कोर्टात. अकराला साक्ष होती त्याची. डोंबिवलीच्या त्याच्या केमिकल कंपनीत मागच्या वर्षी स्फोट झाला, तीन कामगार गेले. साकेत सेफ्टी ऑफिसर होता. मी म्हटलं, रिक्षाने जा. तर म्हणाला, गाडीत तीन रजिस्टरं आहेत, ती सोडून हलणार नाही."

"तीन?"

"तीन. मीच उचलून ठेवली सकाळी."

टोइंगवाल्या पोपट भोईरला हॉस्पिटलमध्ये प्लास्टर घालून झालं होतं. टोइंग कंपनीच्या कॉम्प्युटरवर नोंद होती : गाडी पोहोचली, ९.३०. नऊ अठ्ठावीसच्या फोनचं रेकॉर्डिंगही होतं. त्यात साकेत त्याला शिव्या देत होता आणि पोपट म्हणत होता, "आलो का बघतोच तुला." डॉक्टरांच्या मते मृत्यू साडेनऊ ते साडेदहाच्या मधला होता.

"मॅडम, सगळं जुळतंय," सुदेश म्हणाला.

क्षिप्रा खाटेशेजारी बसली. "किती वाजता पोचलास?"

"साडेबाराला. मी भिवंडी बायपासला टेम्पो ओढत होतो. ऑफिसवाल्यांनी माना सांगितलं, आधी तो कर."

"मग नोंद साडेनऊची कशी?"

"ती माना नाय माहीत. मी आलो तवा तो मानूस पडलेला. जित्ता हाय का बघाया उलटा केला. तवाच लोकं धावली."

क्षिप्राने टोइंगच्या कंट्रोल रूमला फोन लावला. श्रिया नावाची मुलगी बोलली. आधी उडवाउडवी केली, मग आवाज खाली आणून म्हणाली, "वीस मिनिटं झाली की आम्हीच 'पोहोचलं' दाबतो, मॅडम. नाहीतर कंपनीच्या नोंदीत उशीर दिसतो. रोजचंच आहे."

भिवंडीच्या टेम्पोमालकानेही पोपटचं म्हणणं खरं असल्याचं सांगितलं. अकरापर्यंत पोपट त्याच्यासोबतच होता.

संध्याकाळी पाचला साकेतचा मित्र त्र्यंबक दामले आपणहून ठाण्यात आला. तो त्याच कंपनीचा प्लांट मॅनेजर. पन्नाशीचा, टापटीप माणूस. उजव्या तळव्याला बँडेज होतं.

"आज तुम्ही कुठे होतात?"

"कोर्टात. माझीही तारीख होती. साडेबाराला हेमावहिनींचा फोन आला, साकेत फोन उचलत नाही म्हणून. तसाच निघालो. तुम्ही यायच्या पाचेक मिनिटं आधी पोचलो."

"हाताला काय झालं?"

"तिथेच भाजला. लोक त्या टोइंगवाल्याला बडवत होते. गाडीतून वाफ येत होती, पेट घेईल असं वाटलं. रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि उकळतं पाणी हातावर आलं."

"फार दुखत असेल."

"साकेतपुढे त्याचं काय."

क्षिप्राने मान हलवली आणि त्याला चहा मागवला. बाहेर येऊन सुदेशला दोन कामं सांगितली. तासाभराने तो परतला, तेव्हा तिने हेमालाही आत बोलावून घेतलं.

"दामले, गाडी बंद पडली नऊ दहाला," ती म्हणाली. "एक वाजता मी त्या इंजिनवर हात ठेवला होता. गार होतं. झाकण आधीच काढलेलं होतं, सांडलेलं कूलंट वाळलं होतं. त्याच्या पाच मिनिटं आधी त्यातून उकळतं पाणी कसं आलं?"

त्र्यंबकने बँडेजचा हात टेबलाखाली घेतला.

"ते पाणी दहाच्या आत उकळत होतं. तेव्हा तुम्ही तिथे होतात. कोर्टाला जाताना साकेत दिसले, थांबलात, मदत म्हणून झाकण उघडलंत आणि हात भाजला. मग साक्ष देऊ नकोस म्हणून विनवलंत. ते नाही म्हणाले. पाठ फिरवली त्यांनी. पाना समोरच होता. टोइंगवाल्याने चोरी केली असती तर व्हॉल्व्ह-तपासणीचं रजिस्टर नेलं नसतं. त्याला ते कशाला हवं?"

"हा सगळा अंदाज आहे."

"कोर्टाच्या गेटवर कॅमेरा आहे. दहा पन्नासला तुम्ही आत गेलात. उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला. तिथल्या पाण्याच्या टाकीपाशी दहा मिनिटं हात धरून उभे होतात. आणि रजिस्टर तुमच्या डिकीत, स्टेपनीखाली सापडलंय. न तपासलेल्या व्हॉल्व्हपुढे 'तपासला' म्हणून तुमच्याच सह्या आहेत."

त्र्यंबक उठला तो खुर्ची उचलूनच. खुर्ची क्षिप्राच्या खांद्यावर बसली आणि क्षिप्रा भिंतीवर आदळली. तो दाराकडे न जाता हेमाच्या अंगावर गेला. तिचा गळा धरून तिला टेबलावर दाबत राहिला. "पंधरा वर्षं एका डब्यात जेवलो," तो ओरडत होता. "एक सही विसर म्हटलं होतं फक्त." सुदेशने भाजलेला तळवा पकडून पिळला, तेव्हा कुठे तो गुडघ्यावर आला.

हेमा खोकत सरळ बसली. गळ्यावर बोटांचे वळ उठले होते. "तीन माणसं मेली होती, त्र्यंबक," ती म्हणाली. "त्यांच्या बायका रोज साकेतला फोन करायच्या."

दुसऱ्या दिवशी खांद्याला पट्टा लावून क्षिप्रा पोपटकडे गेली. तो सुटला असल्याचं तिने सांगितलं. पोपट छताकडे बघत राहिला.

"मॅडम, मी साडेनऊला पोचलो असतो, तर तो वाचला असता का?"

"हो."

"गाडी माझीच जवळ होती. कासारवडवलीला. माना भिवंडीला धाडलं." त्याने श्वास घेतला. "आन लिवलं, पोचली."

"हे कोर्टात सांगशील? नोकरी जाईल तुझी."

पोपटने प्लास्टरचा हात छातीवर सरकवला आणि उजवा पुढे केला.

"कागद आना," तो म्हणाला. "सही करतो."