लागलेलं जनावर

फार वर्षांपूर्वी आंबोलीच्या घाटात बबनने एक आवाज ऐकला होता. ओल्या सुंभाला कुणी पीळ देत जावं आणि तो मध्येच सुटावा, असा. तेव्हा तो रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचा आणि कडेच्या राहुटीत राहायचा. संध्याकाळी ट्रकची धडक बसून एक सांबर दरीत उतरलं, आणि उजाडेपर्यंत खालून तसं कण्हत राहिलं. राहुटीत कुणाला झोप आली नाही. खाली उतरायला वाटच नव्हती. पहाटे आवाज थांबला. बबनच्या कानातून मात्र तो कधीच गेला नाही.

आता बबन म्हातारा झाला होता. बायको राधाबाई गेल्यावर लेकाने त्याला आपल्याकडे नेदरलँड्सला आणलं. सुयश अ‍ॅमस्टरडॅमला झुइडास भागातल्या एका ऑफिसात कामाला होता, पण घर त्याने लांब आपेलडोर्नच्या बाजूला घेतलं होतं, जंगलाला लागून. सून धम्मदीपा तिथल्याच शाळेत नोकरी करायची.

त्या शनिवारी दिवेलागणीला सुयश घरी आला आणि बूट न काढता दारातच उभा राहिला. म्हणाला, जंगलातल्या रस्त्यावर गाडीपुढे हरीण आलं. धडक बसली. ते झाडीत गेलं.

बबनने विचारलं, मेलं का? सुयशला माहीत नव्हतं.

गाडीचा एक दिवा फुटला होता, एवढंच. सुयशला ओरखडासुद्धा नव्हता. पण तो जेवला नाही. धम्मदीपाने दिलेला चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसला आणि चहा गार झाला तरी त्याने तोंडाला लावला नाही. ती डॉक्टरांना फोन करते म्हणाली.

“कर. इथले डॉक्टर काय, पॅरासिटामॉल घे आणि झोप म्हणतील,” सुयश म्हणाला, आणि हसला. तो हसला म्हणून घरातल्यांना बरं वाटलं.

सकाळी बबनने हट्टच धरला. लागलेलं जनावर असं टाकून द्यायचं नसतं, म्हणाला. सुयशने आधी टाळलं. मग खाली बघत सांगितलं की इथं त्यासाठी माणसं असतात. पोलिसांना कळवलं की ती कुत्रा घेऊन येतात, जनावर हुडकतात आणि तडफडत असेल तर गोळी घालून सोडवतात. बबनला ते ऐकून भरून आलं. या थंड देशातली एवढी एक गोष्ट त्याला मनापासून आवडली.

“मग कर की फोन.”

“राहू द्या ना, बाबा.”

“कर, सुयश.”

सुयशने फोन केला.

धुकं अजून उठलं नव्हतं तेव्हा ते त्या जागी पोचले. गाडीचे इशाऱ्याचे दिवे सुयशने चालूच ठेवले. कुत्रावाला आधीच आला होता. खेरिट त्याचं नाव. बबनच्याच वयाचा, डोक्यावर हिरवी टोपी, पाठीला बंदूक. त्याची कुत्री तांबूस, लोंबत्या कानांची, डोळे असे की आत्ताच रडून आली आहे. तिचं नाव नेल. बबनने तिला हात हुंगू दिला आणि मराठीतच तिची विचारपूस केली. तिने शेपूट हलवली.

खेरिट डचमध्ये बोलायचा आणि सुयश बापाला सांगायचा. रस्त्यावर काच पडली होती, कडेच्या गवतावर रक्त होतं. खेरिट गुडघ्यावर बसून बराच वेळ गवत चाचपत राहिला.

“काय शोधतोय?” बबनने विचारलं.

“केस. धडक बसली की जनावराचे केस पडतातच, म्हणतोय. इथं नाहीयेत.”

खेरिटने कुत्रीच्या गळ्यात चामड्याचा लांब पट्टा अडकवला. सुयश सांगत होता की नेल एकदा एका रक्ताच्या मागे लागली की दुसरं जनावर आडवं गेलं तरी वास सोडत नाही. जिवंत जनावरावर ती भुंकतही नाही. मेलेलं सापडलं, तरच त्याच्यापुढे बसून भुंकते. मागून चालत, रक्त दिसेल तिथं नारिंगी फीत बांधायला कुणीतरी लागतं.

“तू जा,” बबन म्हणाला.

“मी इथंच थांबतो.” सुयश झाडांकडे बघतसुद्धा नव्हता.

म्हणून फितींची गुंडाळी बबनने घेतली.

आत पाइनची उंच झाडं होती. खाली वाळक्या नेच्यांचा चिखल, आणि वास कुजक्या लाकडाचा, आळंब्यांचा. नेल नाक जमिनीला लावून सावकाश चालली होती. तिच्या मागे पट्टा धरून खेरिट, त्याच्या मागे बबन. पानावर थेंब दिसला की खेरिट बोट दाखवायचा आणि बबन जवळच्या फांदीला फीत बांधायचा. बोटं गारठून गाठ बसत नव्हती. जिवंत असू दे, तो मनात म्हणायचा. आणि लगेच, नसलं तर फार वेळ लागला नसू दे.

एका मोठ्या झाडाखाली नेल थांबली. तिथलं गवत दबलेलं होतं आणि बरंच रक्त होतं. खेरिट वाकला आणि तसाच राहिला. बबन पुढे गेला. जनावर पाय पोटाशी घेऊन बसतं, त्याची जागा गोल पडते. ही जागा लांब होती. सरळ. कुणी उताणं पडून वर बघत राहावं, अशी. आणि कडेच्या ओल्या मातीत खूर घासल्यागत काही नव्हतं, हाताच्या बोटांनी उकरल्यागत होतं.

खेरिटने बबनकडे पाहिलं. दोघांना कळेल अशी भाषा नव्हती. बबनने तिथं फीत बांधली.

तिथून माग वळला. रक्त कमी होत गेलं, पण नेल ओढायला लागली. झाडं विरळ झाली. धुक्यात लांबवर काहीतरी पिवळं लुकलुकलं, विझलं, पुन्हा लुकलुकलं. त्यांच्याच गाडीचे दिवे होते.

बबनच्या जिवात जीव आला. म्हणजे जनावर उठलं होतं. आपल्या पायांनी रस्ता ओलांडून पलीकडे गेलं असणार.

नेल रस्त्यावर चढली. पलीकडे गेली नाही. कडेकडेने गाडीपाशी आली.

सुयश गाडीला टेकून उभा होता, हात खिशात घालून. नेल त्याच्यापुढे बसली. मान वर केली. आणि भुंकली.

थांबून थांबून, एका लयीत, लांबवरच्या माणसाला ऐकू जावं असं ती भुंकत होती. खेरिटने पट्टा ओढला, नाव घेऊन दटावलं. ती हलली नाही. सुयशही हलला नाही. कुठलाही माणूस कुत्रं अंगावर आलं की एक पाऊल मागे घेतो. तो तिच्याकडे बघत राहिला, तिचंच बरोबर असल्यासारखा.

खेरिट हळू आवाजात त्याला काहीतरी म्हणाला. सुयशने एका शब्दात उत्तर दिलं.

“काय... काय विचारलं रे त्याने?”

“कुठं दुखतंय का, म्हणाला.”

“मग?”

“नाही म्हटलं, बाबा.” सुयशने बापाकडे पाहिलं. लहानपणी तापातून उठल्यावर बघायचा तसं. “आता काहीच दुखत नाही...”

बबन पुढे झाला. लेकाचा हात त्याने खिशातून काढून आपल्या हातांत घेतला आणि चोळायला लागला. पहाटेच्या लोखंडासारखा हात होता. चोळून ऊब येईना.

“गार पडलास,” तो म्हणाला. “चल, घरी जाऊ. धम्मदीपा वाट बघत असेल.”

तेव्हा त्याला डांबरावर तो थेंब दिसला. सुयशच्या बुटाशेजारी, ताजा, अजून पसरत असलेला. बबनच्या दुसऱ्या हातात फितींची गुंडाळी तशीच होती. त्याने ती कोटात कोंबली. पाय सरकवला, आणि थेंबावर आपला बूट ठेवून उभा राहिला. लेकाचा हात सोडला नाही.

मान वर केली तर खेरिट त्याच्या बुटाकडेच बघत होता.

बराच वेळ बघत होता. मग त्याने टोपी काढून छातीशी धरली. वाकून नेलला उचललं. ती त्याच्या खांद्यावरून मागे बघत भुंकतच होती. तो वळला आणि धुक्यात चालू लागला.