डाव्या कमानीवरचा कळस

घरची वाट देवळाने दाखवायची आणि ऐन वेळी देऊळच गायब व्हावं, म्हणजे काय!

जुईली नाखवा होडीत उभी राहून किनारा धुंडाळत होती. मागे तिचा बा कण्हत होता. पाकट माशाचा विषारी काटा त्याच्या पायात मोडला होता आणि पाय भोपळ्यासारखा सुजला होता. त्यात ओहोटी लागलेली. अर्ध्या तासात खडकांमधली वाट कोरडी पडली, की मग सहा तास बाहेरच! आणि नेमकं आत्ताच सौरवादळ (सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांचा मारा) सुरू झालं होतं. उपग्रह मुके, दिशा दाखवणारा पडदा कोरा. सुकाणूवरचा यंत्रमानव ठोकळ्या नावाला जागून ठोकळ्यासारखा बसून होता.

"खुणा जुळव गो," बा म्हणाला. "धक्क्यावरचा लाल खांब नि टेकडीवरच्या देवलाचा कलस. दोन एका रेषेत आले का वाट गावली."

"देऊळच दिसत नाही, बा! नवा टॉवर आडवा आलाय."

बाने टॉवरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"टेकडी तीनशे मीटर, टॉवर दोनशेच," जुईली ठोकळ्यावर खेकसली. "मग उंच असून देऊळ लपतं कसं?"

"टॉवर टेकडीच्या एक किलोमीटर अलीकडे आहे," ठोकळ्या म्हणाला. "इथून त्याचा दृश्यकोन (वस्तूचा तळ आणि माथा पाहताना डोळ्याशी होणारा कोन) टेकडीपेक्षा मोठा आहे."

जुईलीला शाळा आठवली. भिंतीला चिकटून उभं राहिलं, की गच्चीवरची टाकी दिसत नाही. मैदानाच्या टोकाला गेलं, की दिसते.

"होडी फिरव! मागे, समुद्रात!"

"अगो पोरी, घर तिकडं हाय!"

"बरोबर आहे तिचं," ठोकळ्या म्हणाला. "मागे जाताना दोन्ही कोन कमी होतील, पण जवळच्या टॉवरचा जास्त भराभर. किलोमीटरभर पुरेल."

किनारा लांब जाऊ लागला आणि जुईलीला रडूच आलं. आपलं चुकलं असेल तर? बा आता कण्हतही नव्हता.

पाच मिनिटांनी टॉवरच्या माथ्यावर कळसाचं टोक उगवलं.

"दिसला!"

लाल खांब मात्र कळसाच्या डावीकडे होता. जवळची खूण ज्या बाजूला सरकलेली दिसते, त्या बाजूला वळायचं, हे तिला बाने लहानपणीच शिकवलं होतं. होडी पुन्हा किनाऱ्याकडे फिरवून डावीकडे घेताच खांब बरोबर कळसाखाली आला. टॉवरच्या माथ्यावर तीन कमानी होत्या. कळस डाव्या कमानीवर टेकलेला दिसत होता.

"खांब, कमान, कळस, तिन्ही एका रेषेत!" जुईली म्हणाली. "आता कळस लपला तरी बेहत्तर. उरलेल्या दोघांनाच धरून चल."

परतताना कळस पुन्हा कमानीमागे बुडाला. दोन्ही बाजूंना खडक डोकी वर काढत होते. खांब कमानीखालून जरा हलला, की जुईली ओरडायची आणि ठोकळ्या सुकाणू वळवायचा. होडीचा तळ एकदा वाळूला घासला आणि मग होडी धक्क्याला लागली.

डॉक्टरांनी काटा काढला. पायाला पट्टी बांधून बसलेला बा खिडकीतून टॉवरकडे पाहत होता.

"उद्या याच्यापुढं आणखी उंच टॉवर उभा राहिला, तर गो?"

"तर आणखी मागं जाऊन बघू," जुईली म्हणाली. "पण उद्या मी शाळेला जाणार नाही. आधी सगळ्या होड्यांना ती डावी कमान दाखवून येते."