आत्याची खाट

"वहिनी, ही खाट झपाटलेली आहे म्हणतात. मी आपला बाहेर बसतो."

"बसा की भावोजी. बाहेर शवागार आहे."

भावोजी मुकाट्याने आत आले.

वहिनी खासगी शोधकाम करायच्या. नजर घारीची, म्हणून लोक त्यांना घारबाईच म्हणत. भावोजी त्यांचे धाकटे दीर. काम दोनच, पिशवी धरणं आणि घाबरणं.

इस्पितळात भर दुपार होती. पित्ताशय काढलेली एक तरुण मास्तरीण खाटेवर कण्हत होती. कण्हणं मधेच थांबायचं, आणि थांबलं की भावोजींना जास्तच भीती वाटायची.

"टाक्यांत कुणीतरी दात रोवतंय," ती पुटपुटली.

दारातला तिचा भाऊ पांढराफटक पडला. "आत्या अगदी हेच म्हणायची! बारा वर्षांपूर्वी, याच खाटेवर. आम्ही तिला नाटकी म्हणालो. घरी आली ती मरेपर्यंत कुणाशी बोलली नाही."

घारबाईंना बोलावलं होतं नर्सने. तिचे डोळे रडून सुजले होते.

"हिने दुखणं थांबवायच्या गोळ्या लांबवल्या आणि त्यांच्या जागी खडू चारला," डॉक्टर गरजले. "संध्याकाळी पोलीस येतायत."

"बाई, गोळी गिळली का ते मी जीभ उचलून बघितलं हो! शेजारच्या आजोबांनाही त्याच बाटलीतली दिली."

आजोबा करवत चालवल्यासारखे घोरत होते. घारबाईंनी त्यांची पापणी उचलली. बाहुली मोहरीएवढी. मास्तरणीची मात्र मिरीएवढी.

"लहानपणी ही औषधं घेऊन झोपायची का?"

"छे!" भाऊ म्हणाला. "खोकल्याचं औषध घेतलं की आम्ही सगळे पेंगायचो. ही आणि आत्या मात्र टक्क जाग्या. भिंतीवर सावल्यांचे प्राणी करत बसायच्या."

भावोजींनी हळूच भिंतीकडे पाठ केली.

"डॉक्टर, पुढच्या गोळीची वेळ झालीय. नवी बाटली फोडा, तुमच्या हाताने द्या."

डॉक्टरांनी दिली. तास गेला. कण्हणं तसंच, बाहुली मिरीएवढीच.

"आता खडू कुणी चारला?" घारबाईंनी विचारलं. डॉक्टरांनी बाटलीवरचं नाव पुन्हा वाचलं.

"ही गोळी मुळात मुकी. यकृत तिला बोलतं करतं, तेव्हा कुठे दुखणं पळतं. आजोबांच्या यकृताला ते जमतं, म्हणून गोळी लागू पडली आणि बाहुली आकसून मोहरी झाली. काहींच्या यकृताला जन्मतःच जमत नाही. खोकल्याच्या त्या औषधातही हाच ऐवज असणार. आत्या आणि भाची, दोघींच्या रक्तातच हे आलंय. रक्त तपासा, खात्री होईल. तोवर यकृताची मदत लागत नाही असं काहीतरी द्या."

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने मिरीची मोहरी झाली, आणि खोली शांत झाली.

"सिस्टर... चुकलं माझं."

नर्सने आजोबांची चादर सारखी केली. भावाने तोंड झाकलं. "म्हणजे आत्या नाटक करत नव्हती."

मास्तरणीने डोळे उघडून कोपऱ्याकडे पाहिलं. "ऐकलंस ना गं, आत्या?"

कोपऱ्यातला पडदा हलकेच हलला.

"वहिनी, खिडकी बंद आहे."

"दिसतंय मला. पिशवी घ्या."

भावोजींनी पिशवी घेतली आणि बाहेर जाऊन बसले. शवागारापाशी.