निळ्या कोटाची गोधडी

निकेतचा फोन आला तेव्हा प्रणाली लाल लोकरीचा कोंबडा कापत बसली होती.

"ताई, आईची गोधडी एका जागी उसवलीय. बाबांच्या चित्रापाशी. कधी आमच्या बाजूला आलात तर दोन टाके घालून द्याल का?"

एवढंच बोलला. तक्रार नाही, आवाज चढलेला नाही. तरी प्रणालीची कात्री वाकडी गेली आणि कोंबड्याचा तुरा अर्ध्यावर कापला गेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही.

किहीमला माडांच्या वाडीत तिचं घर. ओटीवर सगळा चिंध्यांचा पसारा. गोधडी शिवायला ती आईच्या मांडीशी बसून शिकली होती, आणि लोकरीची चित्रं मोबाइलवर परदेशातल्या बायकांचे हात बघून. जुने लोकरीचे कपडे उकळत्या पाण्यात घोळायचे, म्हणजे ते आटून जाड आणि घट्ट होतात. मग त्यातून घर, माड, होडी, माणूस असं काहीबाही कापायचं आणि कडेने काजटाका घालून गोधडीवर बसवायचं. चित्रं मुद्दाम ओबडधोबड ठेवायची, लहान पोराने काढल्यासारखी. पर्यटकांना खोल्या देणारे कॉटेजवाले त्या गोधड्या कौतुकाने भिंतीवर लावायचे. पुढे पुढे लोक आपल्या गेलेल्या माणसाचे कपडे घेऊन यायला लागले. याची गोधडी करून द्या, म्हणायचे, पांघरायला. हे काम प्रणाली देवाचं म्हणून करायची. कुणाच्या कपड्याची चिंधीसुद्धा दुसऱ्याच्या गोधडीत जाऊ द्यायची नाही.

निकेतने पावसाआधी वडिलांचा कोट आणून दिला होता. चांगदेव जन्मभर जहाजावर खलाशी होते. कुठल्याशा थंड बंदरातून आणलेला तो गडद निळा, जाडजूड कोट इकडच्या उकाड्यात कोण घालणार? पण घरात त्या कोटाला मान होता. प्रणालीने तो पेटीत ठेवला आणि पावसाळाभर विसरली. डांबरगोळ्या टाकायच्या राहिल्या. दसऱ्याला पेटी उघडली तर कसर लागून कोटाची चाळण झालेली. हात लावला की भुगा पडायचा. दुसऱ्या कपड्यांना कसर लागायला नको म्हणून तिने तो तसाच उचलून मागच्या वाडीत नेला आणि वाळक्या पातेऱ्याबरोबर जाळून टाकला.

पुढच्याच आठवड्यात गोदू बोहारीण आली. तिच्या गाठोड्यात तसाच एक निळा कोट निघाला. कोणाचा, कुठल्या गावचा, ते गोदूलाही ठाऊक नव्हतं. उकळल्यावर लोकर सगळी सारखीच दिसते. कोणाला कळणार होतं?

कळलं नाहीच. निकेत गोधडी न्यायला आला, ओटीवर बसला आणि गोधडीवरच्या, त्या कोटातून कापलेल्या निळ्या माणसावर तोंड ठेवून लहान मुलासारखा रडला. "ताई, बाबांचा वास येतोय हो..." आणि प्रणाली म्हणाली, "येणारच ना."

हे शब्द तिला पुढे जेवताना आठवायचे, केस विंचरताना आठवायचे. कोट बदलला ते बदलला, पण त्या पोराच्या रडण्यावर मान डोलवायची काय गरज होती? आरशात स्वतःकडे बघायची तिला लाज वाटायची.

दोन दिवसांनी ती स्कूटरवरून निघाली. पोयनाड मागे टाकून आतल्या रस्त्याला लागली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. पौषाचा गारवा होता. कापलेल्या भातखाचरांत वाल फुलला होता आणि कुणीतरी लांबवर मडक्यात शेंगांची पोपटी लावली असावी, तिच्यातल्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा उग्र वास वाऱ्यावर येत होता. निकेतचं घर गावाच्या कडेला, एकटंच. तो न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला. घरी त्याची आई येसूबाई तेवढी होती. प्रणालीने तिला याआधी पाहिलेलं नव्हतं.

"आलीस? बस. पानी पी," येसूबाई म्हणाली. मग तिने दार लोटून घेतलं. दिवसाउजेडी दार का लावतेय, हे प्रणालीला कळेना. येसूबाईने खाटेवर गोधडी पसरली.

जहाज जागच्या जागी होतं. माड होते, घर होतं. फक्त निळ्या माणसाचे पाय कमरेपर्यंत सुटून लोंबत होते. दोरा तुटलेला नव्हता. एकेक टाका सुईच्या टोकाने नीट उचलून काढलेला दिसत होता.

"ही आपोआप नाही उसवली, मावशी."

"न्हाय. म्याच उसवली. पोराला खोटं सांगितलं."

"का हो?"

पदर ओढून येसूबाईने तोंडावर घेतला.

"तुला म्हनून सांगते, तू बाईमानूस हायेस. रातच्याला ह्यो येतो. पायथ्याशी बसतो."

प्रणाली पिशवीतली सुई शोधायला लागली. "काकांची आठवण येत असेल तुम्हाला..."

"त्यो न्हाय गं!" येसूबाईचा आवाज एकदम चिरकला, मग पुन्हा खाली आला. "माझा म्हातारा बसला की पाठ करून बसायचा. जन्मात कदी माझ्याकडं धड बगितलं न्हाय त्यानं. ह्यो तोंड करून बसतो. बोलत न्हाय. नुसता बगतो..." तिने पदर आणखी पुढे ओढला. "नवऱ्याच्या गोधडीत परका पुरुष येतो, ह्या वयात. माझ्याच मनात काय घान असंल, त्याबिगर का? पोराला कुटल्या तोंडानं सांगू? देवापुढं हात जोडायची बी लाज वाटते मला."

बोलायचं होतं तर इथेच बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण प्रणालीला डोळ्यांसमोर निकेत दिसला, त्याच्यामागे सगळी गिऱ्हाइकं दिसली, आणि झाकली मूठ तिने झाकलीच ठेवली.

"थंडीत स्वप्नं पडतात, मावशी," ती म्हणाली. आपला आवाज तिला गोदूच्या गाठोड्यासारखा वाटला, दुसऱ्याच कुणाचा.

"सपान न्हाय. म्हटलं पाय उसवावं, म्हंजे जाईल. तर उलटंच झालं. पाय मोकळं झालं ना त्याचं... आता घरात फिरतो." येसूबाईने स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "शिवून टाक गं. बसला तर बसू दे. पन फिराय नको."

प्रणालीने सुईत दोरा ओवला. खाटेच्या कडेला बसून तिने निळ्या माणसाची कंबर जागेवर दाबून धरली आणि काजटाका घालायला सुरुवात केली. तिन्हीसांज झाली होती. येसूबाई दिवा घेऊन उठली. दार उघडल्याची कडी वाजली, मग सगळं शांत झालं. खोलीत उजेड कमी झाला होता. भिजलेल्या लोकरीचा वास यायला लागला, आणि त्यात विडीचा जुना, शिळा वास. आधी का आला नव्हता, असं तिला वाटलं, पण डोकं वर करायचं तिने टाळलं.

एक पाय झाला. दुसऱ्या पायाच्या गुडघ्याशी ती आली आणि गोधडी ताणली गेली. पायथ्याकडून कापड ओढल्यासारखं झालं, खाटेचा सुंभ करकरला. कुणी बसलं की होतं तसं.

"मावशी, जरा सरका ना. कापड ताणतंय," येसूबाई परत येऊन बसली असं समजून ती खाली मान घालूनच म्हणाली.

खाट करकरली. कापड सैल झालं. ज्याने सरकायचं तो मुकाट्याने सरकला होता.

तिने दोन टाके घातले. मग तिला उघड्या दारातून बाहेर तुळशीपाशी येसूबाई दिसली. वात सारखी करत ती पाठमोरी उभी होती. केव्हाची उभी होती.

प्रणाली ओरडली नाही. ओरडायला अंगात बळ लागतं. सुई गोधडीत तशीच टोचलेली ठेवून, पायथ्याकडे न बघता, भिंतीला घासत ती दाराबाहेर आली आणि तुळशीपाशी येसूबाईच्या पुढ्यात मटकन बसली.

"मावशी, तो कोट काकांचा नाही."

तिने सगळं सांगितलं. कसर, पातेरा, गोदूचं गाठोडं. आपण काय म्हणालो तेही सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं, म्हातारी आता थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

येसूबाई ऐकत राहिली. दिव्याच्या उजेडात तिचं तोंड हळूहळू सैल झालं.

"म्हंजे... पाप माझं न्हाय?"

"नाही हो मावशी. माझं आहे."

"माझं न्हाय," येसूबाई पुन्हा म्हणाली आणि खाली बसून रडायला लागली. सुटल्यासारखी रडत होती. "काय काय बोलले गं मी सोताला... विहिरीवर जाऊन उभी ऱ्हायले दोनदा..."

प्रणालीने कानांवर हात ठेवले. आपल्या एका कोटापायी ही बाई विहिरीपर्यंत जाऊन आली होती, आणि मघाशी आपण तिला स्वप्नं पडतात म्हणून सांगत होतो. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं माणसाला केव्हा वाटतं, ते तिला त्या संध्याकाळी कळलं.

रडणं ओसरल्यावर येसूबाईने डोळे पुसले. "मंग माझा म्हातारा ऱ्हायला कुटं?"

तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकलचा दिवा दिसला. निकेत आला होता.

आता त्यालाही सांगायचं, प्रणालीने ठरवलं. जे व्हायचं ते होऊ दे. ती उठून उभी राहिली. पण निकेत गाडीवरून उतरला तोच हसत.

"ताई! तुम्ही आलात पण? एक नंबर. झाली शिवून?"

"निकेत, त्या कोटाचं मला जरा..."

"कोटाचं काय बोलू ताई तुम्हाला." तो तुळशीकट्ट्याला टेकला. आईचे सुजलेले डोळे दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात त्याला दिसले नसावेत. "आईला पण नाय सांगितलं अजून. रात्री ती घेते गोधडी, आणि माझी नाइट असली की दिवसा मी घेतो. बाबांचं आणि माझं बोलणं बंद होतं, तुम्हाला माहीत नसेल. जायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आलेला. मी कट केला. ते डोक्यात राहिलं ना, झोपच येत नव्हती. बोटीसमोर उभं राहिलो की वाटायचं, उडी मारावी." त्याने घसा साफ केला. "ती गोधडी आणली आणि पहिल्याच दिवशी... झोपेत डोक्यावर हात आला. शप्पथ सांगतो. नुसता ठेवलेला, असा. मी म्हटलं, बाबा, चुकलं माझं. तर हात हलला, थोपटल्यासारखा. माफ केलं त्यांनी मला, ताई. तुमच्यामुळे."

येसूबाईने प्रणालीचं मनगट धरलं. धरलं कसलं, नखं रुतवली. तिने मान हलवली नाही, पण डोळे प्रणालीवर रोखलेले होते.

"तेच होते, हे कशावरून?" प्रणालीने विचारलं. विचारल्यावर जीभ चावली.

"मला नाय कळणार?" निकेत हसला. "आणि गंमत सांगू? बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं जहाजावर दोरखंडात गेलेली. लहानपणी मी घाबरायचो त्या हाताला. तर आता पाचच्या पाच आहेत. डोक्यावर नीट लागतात." त्याचा आवाज जरा हळवा झाला. "तिकडं गेल्यावर भरून येत असेल ना ताई सगळं?"

मनगटावरची नखं आणखी रुतली.

"हो," प्रणाली म्हणाली. "येतं भरून."

पहिल्यांदा खोटं बोलली ती स्वतःची अब्रू वाचवायला. हे खोटं तसं नव्हतं, पण तोंडात चव तीच होती.

निकेत हातपाय धुवायला मागीलदारी गेला. प्रणालीला हाताला धरून आत आणून येसूबाई खाटेवर बसली, गोधडी मांडीवर ओढून घेतली आणि प्रणालीने अर्धवट सोडलेली सुई उचलली.

"ऱ्हाऊ दे. मी शिवते आता," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "परका हाय, पन माझ्या पोराला त्यानं जित्ता ठेवला. बसू दे त्याला. कुटनं आला ते कळलं, आता भ्या न्हाय वाटत." मग टाका ओढत, खाली बघतच पुढे म्हणाली, "तू जा. आनि पोराला कदी सांगू नको. तुला सांगून मोकळं व्हायचं असंल, पन तुझ्यासाटी माझा पोरगा न्हाय घालवायची मी."

म्हणजे हे ओझं आता उतरायचं नव्हतं, जन्मभर. प्रणालीला तोंड वर करवेना. ती पुढे झाली, खाटेपाशी गुडघे टेकले आणि येसूबाईच्या पायांवर डोकं ठेवलं.

डोक्यावर हात आला. जड, खरखरीत, गार हात. तिचे डोळे भरून आले. एवढं होऊन म्हातारीने आशीर्वाद दिला, या विचाराने ती आणखीच खाली वाकली. मागीलदारी निकेत तोंडावर पाणी मारत होता, त्याचा आवाज येत होता. जरा वेळाने तिने नजर वर केली.

येसूबाईचे दोन्ही हात गोधडीत होते. एका हाताने ती निळ्या माणसाचं पाऊल दाबून धरत होती, दुसऱ्या हाताने सुई ओढत होती. तिचं लक्षही नव्हतं.

डोक्यावरचा हात अजून तिथेच होता. केसांतून अंगठा लागत होता, आणि त्याच्या पलीकडे दोनच बोटं.