जरा रेस द्या

झरीनला वाट बघणं म्हणजे शिक्षा. लिफ्टचं बटण चार वेळा दाबणारी, चहा निवायच्या आत जीभ पोळून घेणारी पोरगी! आणि तिची गाठ पडावी कुणाशी, तर जिब्रान मिस्त्रीशी. नशीब, दुसरं काय?

झालं असं, की त्या दिवशी दुकानाचा ड्रायव्हर आलाच नाही. अब्बांचं आखातात स्पेअरपार्टचं दुकान, आणि परदेशातून माल मागवण्याचं काम झरीनकडे. मग तीच पिकअपमध्ये फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा, टाकून अल अमेरातच्या गॅरेजात पोचली. आत एक जुनी, दोन दारांची, लाल स्पोर्ट्स कार अर्धी उघडी पडली होती. तिच्याखालून आधी दोन पाय आले, मग काळे हात, मग एक शांत चेहरा.

त्यानं फेंडर लावून पाहिला आणि अलगद खाली उतरवला.

"बसत नाही."

"बसत नाही म्हणजे? इटलीहून आलाय! ओरिजिनल आहे. नंबर बघा ना!"

"फेंडरची चूक नाही हो. आधी कुणीतरी नकली पत्रा ठोकून बसवलेला. गाडीला त्याचीच सवय झालीये. वेळ लागेल."

"किती?"

"लागेल तेवढा. सगळे पत्रे नीट बसेपर्यंत मी एकही बोल्ट घट्ट करत नाही."

अगं बाई! झरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती वळली, तेवढ्यात तो म्हणाला, "जोडीदार जेवायला गेलाय... गाडीत बसून जरा रेस द्याल? नवा सायलेन्सर कुठे गळतोय बघायचंय."

ती बसली. तिनं रेस दिली. बापरे, काय तो आवाज! सगळं शेड थरथरलं. बाजूच्या आरशात तो गाडीमागे उकिडवा बसलेला दिसला, आणि नेमकं त्याच वेळी त्यानं वर पाहिलं. झरीनचा पाय उगाचच जास्त दाबला गेला.

त्यानंतर ड्रायव्हर रोज येत होता. तरी माल घेऊन झरीनच जायची. कधी दाराचा पत्रा, कधी नुसती रबराची पट्टी! सायलेन्सर बाहेरच्या कंपनीचा, मागचा पत्रा ओरिजिनल, दोघांचं जमेना. पाइप पत्र्याला घासायचा. जिब्रान तो पुन्हा टांगायचा, पुन्हा "जरा रेस द्या". हळूहळू 'द्या'चं 'दे' झालं. तो राजापूरचा, तिचं आजोळही तिकडचंच निघालं.

आणि मग एक दिवस तिनं आरशात पाहिलं — त्याचे ओठ हलत होते. गाडी गरजत होती आणि तो बोलत होता!

तिनं झटकन गाडी बंद केली. "काय म्हणालास?"

"मी? काही नाही... पाइप अजून हलतोय म्हटलं."

खोटारडा! पाइपशी बोलताना कुणाचे कान लाल होतात का? पण दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. गाडी चालू असली की ओठ हलायचे, बंद झाली की बोल्ट आणि वायसर. झरीनची झोप उडाली. जेवताना अम्मीनं दोनदा हाक मारली तरी हिला पत्ता नाही.

त्यातच दोह्याहून स्थळ आलं. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर उत्तर द्यायचं होतं.

"दोह्याचा मुलगा आहे. इंजिनियर," बुधवारी तिनं मुद्दाम सांगितलं.

त्यानं पाना खाली ठेवला. पुन्हा उचलला.

"दोहा... चांगलं आहे."

"छान! मग हो म्हणू?"

तो गाडीखाली सरकला. ती दार आपटून निघाली, आणि पिकअपमध्ये बसल्यावर रडली. त्याच्यावर जीव जडला होता, अगदी मरणाचा, आणि या माणसाचा एकही बोल्ट घट्ट होत नव्हता!

गुरुवारी गाडी पुरी झाली. पत्र्यांमधल्या फटी कशा, एकसारख्या! गाडीचा अरब मालक, अर्बाब, आवाज ऐकायला आला, अब्बाही आले. दोघं शेडच्या दाराशी उभे राहिले.

"झरीन, शेवटचं... जरा रेस दे," जिब्रान मागे बसत म्हणाला.

गाडी गरजली. आरशात ओठ हलले. आज तो ओरडतच होता, मानेच्या शिरा ताणून. झरीनच्या मनानं घेतलं, आता नाही तर कधीच नाही. तिनं खाडकन चावी फिरवली.

"—नाही म्हण त्या दोह्यावाल्याला! माझ्याशी लग्न कर, झरीन!"

शेडभर आवाज घुमला. जिब्रान उकिडवाच राहिला, तोंड उघडं. अब्बांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"क्या बोलता है?" अर्बाबनं विचारलं.

"बोलता है, सायलेन्सर ठीक है," अब्बा म्हणाले.

झरीन खिडकीतून बाहेर वाकली. "इतके दिवस गाडी बंद असताना का नाही बोललास?"

"तेव्हा... तू ऐकलं असतंस."

अब्बांनी लेकीकडे पाहिलं. "त्याचं ऐकलं. आता तुझं काय ते सांग. उद्या मला फोन करायचाय."

झरीन आरशात बघून हसली. तिनं गाडी चालू केली, पाय दाबला, आणि त्या गदारोळात सावकाश ओठ हलवले. जिब्रान धडपडत खिडकीशी आला. "काय? काय म्हणालीस? ऐकू नाही आलं!"

भोग म्हणावं आता! चांगला आठवडाभर झुरवायचं, असं तिनं ठरवलंही. पण एवढा धीर तिला होता कुठे? दुसऱ्याच क्षणी तिनं स्वतःच चावी फिरवली.

"हो म्हटलं, हो!"

(अर्बाबला या वेळी काही समजावून सांगावं लागलं नाही.)